कर्णिकसाहेबांचे वतन खालसा झाले त्याविषयी

अर्जदार: यशवंत रामा घाणेकर, धंदा अर्जलेखन, राहणार शारजा, मूळ राहणार तालुका गुहागर.

ज्यांच्याविषयी अर्ज: श्री. सदानंद बळवंत कर्णिक, हमरिया फ्री झोनमधील पाइप बनविणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्सचे प्रमुख. राहणार शारजा, आमच्याच इमारतीत चौथा मजला. हल्ली मुक्काम अलिबागकडे, असे समजते.

साक्षीदार: खान, इमारतीचा वॉचमन, मूळचा पेशावरकडील. सौ. कर्णिकवहिनी. कु. केतकी, कर्णिकांची एकुलती एक कन्या. सौ. सुमनताई, कर्णिकांची धाकटी बहीण, राहणार अल ऐन. चौघांपैकी कोणीही बोलावले असता साक्षीस येईल, असा भरवसा देता येत नाही.

काळ: दोन हजार साल आले, सर्व कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली, एकही बंद पडला नाही, त्यानंतरची काही वर्षे.

विषय: वतन.

विषय एका शब्दात लिहिण्याची माझी रीत आहे. शिकलेली माणसे विषयाच्या ओळीतच सारी रडकथा सांगून टाकतात आणि साहेब पुढचे वाचत नाही. माझे टेबल इमारतीच्या तळमजल्यावरील टायपिंगच्या दुकानात होते. व्हिसा, रजा, बदली, पासपोर्ट हरवल्याची खबर, नवऱ्याची तक्रार, बायकोची तक्रार असे सर्व प्रकारचे अर्ज मी इंग्रजीत टंकलिखित व मराठी-हिंदीत सुवाच्य हस्ताक्षरात लिहीत असे. शाळा मी नववीत सोडली. शाळेने मला सोडले असे गावात काहीजण म्हणतात, ते राजकारण होते. माझा अर्ज वाचून साहेब खुर्चीतून अर्धा उठल्याची उदाहरणे आहेत. हे सांगण्याचे कारण, कर्णिक हे डिप्लोमा झालेले गृहस्थ होते आणि त्यांस एक धड अर्ज लिहिता येत नव्हता.

कर्णिक टाय लावीत. शारजाच्या उन्हात, पाइपांच्या गोदामात, जेथे टाय पाहणारा कोणी नाही तेथे टाय. बोटीच्या सुकाणूचे चित्र असलेली एक टायपिन त्यांजपाशी होती. बोलताना ते ती दोन बोटांनी सरळ करीत, आणि ती सरळ झाली म्हणजे आपले म्हणणेही सरळ झाले असे त्यांस वाटे. शुक्रवारी सगळी इमारत लुंगी-बर्म्युड्यात वावरत असे. कर्णिक शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, टाय बांधून कॉम्प्युटरपुढे बसत, कारण शुक्रवारी त्यांचा दरबार असे.

हा दरबार काय, हे समजून घेण्यास मला फार वेळ लागला, व समजल्यावर तो वेळ वाया गेल्याचे वाईट वाटले. तो एक खेळ होता. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरवर येणारा. देशोदेशीची रिकामटेकडी माणसे त्यात सरदार, राजे, धर्मगुरू बनत. प्रत्येकाने एक नाव घ्यावयाचे, वंश सांगावयाचा, राजाकडून जमीन मिळवावयाची आणि मग एकमेकांस लांबलचक पत्रे लिहावयाची. लढाया होत, पण त्या थोड्या. खरी मारामारी वारसाहक्काची. खेळातील माणसे म्हातारी होत व मरत. मेल्यावर जमीन कोणाची, याचे नियमांचे पुस्तक होते, आणि ते कर्णिकांनी छापून घेऊन त्याला कारखान्याच्या खर्चाने स्पायरल बायंडिंग केले होते.

त्यांच्या परगण्याचे इंग्रजी नाव हार्नडेल. कर्णिक त्यास हरणदळ म्हणत. खेळातले सर्व शब्द त्यांनी असेच मराठीत वळवून घेतले होते. राजा तो धनी. जमीन ते वतन. मालक निपुत्रिक मेला आणि जमीन राजाकडे परत गेली, म्हणजे वतन खालसा झाले.

"घाणेकर, लोकांना वाटतं मी गेम खेळतो," ते मला म्हणाले होते. "मी व्यवस्था बघतोय, व्यवस्था. प्रश्न जमिनीचा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. कोणामागून कोण! हे ज्याला कळलं त्याला राज्य कळलं."

प्रश्न जमिनीचा नाही, प्रश्न क्रमाचा आहे. हे त्यांचे ब्रीदवाक्य. लिफ्टची रांग मोडली तरी हेच, वहिनींनी कोशिंबीर आधी वाढली तरी हेच. ज्या जमिनीत गवताचे पाते उगवत नाही, जिच्यावर ढेकूळ नाही, जी वीज गेली की नाहीशी होते, तिच्या क्रमासाठी हा गृहस्थ घसा कोरडा करीत असे. आणि स्टोअर्समध्ये चार इंची पाइपांच्या जागी सहा इंची गेले, तेव्हा मात्र क्रम कोणी पाहिला नव्हता. त्याचा माफीनामा मी लिहिला आहे.

आता पहिली हकिकत.

कर्णिकांचा पहिला सरदार साठीला आला होता. नियमाप्रमाणे औरस पुत्र हवा. पुत्रासाठी लग्न हवे. लग्नासाठी दुसऱ्या एखाद्या घराण्याशी पत्रव्यवहार हवा. कर्णिकांनी नियम इतके बारकाईने वाचले की लग्न करण्याचे राहून गेले. एका गुरुवारी अर्ध्या दिवसाच्या कामावरून ते घरी आले, कॉम्प्युटर लावला, तो सरदार ज्वराने वारला असल्याचे कळले. वतन राजाकडे जमा.

खाली दूध आणावयास उतरले तेव्हा त्यांचा चेहरा राख झाला होता. दाराशी खान बसला होता. पुढील संभाषण मी माझ्या टेबलावरून स्वतः ऐकलेले आहे.

"कर्णिकसाब, क्या हुआ? तबियत?"

"खान," कर्णिक म्हणाले, "वतन खालसा हो गया."

"खलास?" खान स्टुलावरून उठला. "वतन में? कौन खलास हो गया, साब?"

"सरदार. घर का मालिक. बुखार आया और... वारिस नहीं था ना."

"या अल्लाह," खान म्हणाला, आणि त्याने कर्णिकांचा हात दोन्ही हातांत धरला. कर्णिकांस ही सहानुभूती योग्यच वाटली. त्यांनी मान हलविली व दूध घेऊन वर गेले.

ज्या वाचकांनी आखात पाहिलेले नाही त्यांच्याकरिता लिहितो. पठाणाच्या, केरळ्याच्या, बिहाऱ्याच्या तोंडी वतन म्हणजे मायदेश, गाव, घर. तेथे खलास म्हणजे संपले. आपल्या मराठीत वतन म्हणजे इनाम जमीन, आणि खालसा म्हणजे सरकारजमा. हा फरक ठाऊक असलेला मनुष्य त्या इमारतीत मी एकटा होतो, पण खेळाविषयी मला त्या वेळी काही ठाऊक नव्हते. सबब मीही असेच समजलो की कर्णिकांचे वडील गेले.

खानाने संध्याकाळपर्यंत सर्व मजले गाठले. कोणीतरी खात्री करण्यासाठी कर्णिकांस फोन लावला, तर फोन सतत गुंतलेला, कारण त्याच तारेवरून कर्णिक खेळातल्या प्रत्येक घराण्यास निषेधाची पत्रे पाठवीत होते. लोक म्हणाले, बिचारे गावी बोलत असतील. दिवेलागणीस चौथ्या मजल्यावर जिन्यापर्यंत चपला. केरळी बायांनी भाताचे पातेले आणले. मी इमर्जन्सी रजेचा इंग्रजी अर्ज संपूर्ण टाइप करून नेला होता. मयताचे नाव आणि नाते एवढ्याच जागा कोऱ्या होत्या.

वहिनींनी दार उघडले. हातात कणीक लागलेली.

"कोण गेलं?" त्या म्हणाल्या. "अहो, कोण गेलं?"

कर्णिक आतून टाय सरळ करीत आले. सर्वांस बसविले, आणि मला आजही सांगताना लाज वाटते, त्यांनी जमलेल्या लोकांस खेळाचा वारसा कायदा हिंदीतून समजावून सांगण्यास सुरुवात केली. खान पायांकडे बघत उभा होता. अखेर कोणीतरी विचारले, "मतलब, कोई मरा नहीं?"

"मरा ना! लॉर्ड मरा!"

केतकी तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. ती आतल्या दारात उभी राहून म्हणाली, "ओ गॉड, बाबा, स्टॉप." भाताचे पातेले लोक परत घेऊन गेले नाहीत, एवढीच त्यातली माणुसकी.

दुसऱ्या सकाळी कर्णिक माझ्या टेबलासमोर हजर. राजाकडे अर्ज करावयाचा होता.

"कुठल्या राजाकडे?" मी विचारले.

"खेळातल्या. दूरच्या शाखेचा चुलतभाऊ म्हणून मी नवा माणूस उभा करतोय. त्याला वतन परत द्यावं, असा अर्ज. माझ्या इंग्रजीत वजन येत नाही हो, घाणेकर. तुमच्यात येतं."

हे त्यांचे एकमेव विधान असे की ज्याविषयी माझा वाद नाही. मी अर्ज लिहून दिला. नम्रतेने सुरुवात, घराण्याची सेवा, मयताचे अकस्मात निधन, अनाथ रयत, आणि अखेरीस धन्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना. कर्णिकांनी तो जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवून धाडला. राजाचे उत्तर तीन अक्षरी आले.

"एल-ओ-एल," कर्णिक म्हणाले. "ही पदवी असेल का?"

केतकी म्हणाली, "ही इज लाफिंग, बाबा."

माझ्या अर्जास हसणारा राजा मी प्रथमच ऐकला. चौकशीअंती कळले की तो कोठल्याशा बर्फाळ गावचा विद्यार्थी होता. तथापि पुढच्या शुक्रवारी त्याने हरणदळ परत दिले, आणि लिहिले की असला अर्ज त्याच्या दरबारात यापूर्वी आलेला नाही. तसा तो येणारही नव्हता. अट मात्र कायम: वारस पुत्रच.

येथून पुढे कर्णिकांनी केतकीस खेळात ओढले. नव्या सरदाराचे त्यांनी आता वेळेवर लग्न करविले. मूल झाले ती मुलगी, आणि त्या मुलीचे पात्र केतकीने चालवावयाचे. तिने आधी टाळले. मग तिला ते आवडू लागले असावे. शुक्रवारी बापलेक एका खुर्चीवर आणि एका स्टुलावर बसून कारभार पाहत. तिला ते "कन्या" म्हणत, ती त्यांना "माय लॉर्ड" म्हणे आणि वहिनी त्या दोघांना जेवायला उठा म्हणत. एकदा मी सहीसाठी कागद घेऊन वर गेलो असता केतकी धान्याच्या कोठारांचा हिशेब सांगत होती आणि कर्णिक डोळे मिटून ऐकत होते. त्या घरात कॉम्प्युटर नसता तर हे दोघे एकमेकांशी काय बोलले असते, मला सांगता येत नाही. मुलगी इंग्रजीत उत्तर देई, बाप मराठीत प्रश्न विचारी. दोघांना सारखी येणारी भाषा हरणदळची होती.

पण कायदा पुत्राचा. कर्णिक मेले, म्हणजे त्यांचा सरदार मेला, की कन्या उघडी. तेव्हा कर्णिकांनी कायदाच बदलण्याचे मनावर घेतले. घराण्याघराण्यांशी पत्रे, मिनतवाऱ्या, दोघांतिघांस युद्धात मदतीचे वचन. आणि मुख्य अर्ज पुन्हा माझ्याकडे.

"कडक हवा," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं पाहिजे राजाच्या."

त्या अर्जातले एक वाक्य मी येथे नमूद करतो, कारण पुढे ते लागणार आहे. इंग्रजीतून मराठीत ते असे उतरते: "कन्येचे लग्न होते तेव्हा तिचा पत्ता बदलतो, रक्त बदलत नाही." हे वाक्य माझे आहे. कर्णिकांनी ते वाचले, टायपिन सरळ केली, आणि जरा वेळाने म्हणाले, "घाणेकर, हे तुम्ही कसं लिहिलंत हो?" मी सांगितले की असली वाक्ये लिहिण्याकरिता डिप्लोमा लागत नाही.

दरबाराने कायदा बदलला. कन्याही वारस. कर्णिकांनी इमारतीत पेढे वाटले. खानाने पेढा हातात धरून विचारले, "साब, वतन का?" कर्णिक म्हणाले, "वतन का." खानाने तो कपाळास लावून खाल्ला. राजाने पुन्हा काही परत दिले, अशी त्याची समजूत झाली असावी.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कर्णिकांचे वडील गेले. खरे वडील, अलिबागजवळच्या गावी.

कर्णिक खाली आले, खानास म्हणाले, "खान, पिताजी गुजर गये." खान हसला. प्रेमाने हसला, अगदी समजूतदारपणे. "कोई बात नहीं, साब. अर्जी लगाओ, राजा वापस दे देगा." त्या संध्याकाळी जिन्यात एकही चप्पल नव्हती.

मी गेलो. गेलो ते माझ्या शिस्तीमुळे: मी कर्णिकांस जिन्यातच विचारले होते, मयताचे नाव काय? नाते काय? ते म्हणाले, "बळवंत गोविंद. वडील." कोऱ्या जागा भरल्या की खोटे टिकत नाही. रजेचा अर्ज घेऊन वर गेलो तो कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला, आणि कर्णिक सदऱ्यावर टाय न बांधता बसलेले. तसे मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. त्यांचा गळा लहान मुलासारखा दिसत होता. मला वाटले, आता हा मनुष्य माणसासारखे काही बोलेल.

"बाबांनी मृत्युपत्र केलं नाही," कर्णिक म्हणाले.

गावी नारळी-पोफळीची वाडी होती. वारस दोन: कर्णिक आणि त्यांची धाकटी बहीण सुमनताई. तेरावे करून कर्णिक परत आले आणि पहिल्याच शुक्रवारी, दरबाराची वेळ टाळून, माझ्यापुढे बसले.

"हक्कसोडपत्राचा मसुदा करायचाय. सुमनचा."

हक्कसोडपत्र म्हणजे काय हे मराठी माणसास सांगावयास नको. बहिणीने भावाच्या हक्कात सही करावयाची, भावाने साडीचोळी द्यावयाची, आणि माहेरचे दार उघडे राहिले असे दोघांनी मानावयाचे.

"सुमनताईंशी बोलणे झाले?" मी विचारले.

"बोलायचं काय त्यात? रीतच आहे. तिच्या सासरी काय कमी आहे? अल ऐनला मिस्टरांचं चांगलं चाललंय. आणि ती कशाला येतेय नारळ मोजायला?"

"कर्णिकसाहेब, राजाकडे आपण अर्ज केला होता. त्यात पत्त्याविषयी आणि रक्ताविषयी एक वाक्य..."

"ते वेगळं," कर्णिक म्हणाले. "तो खेळ आहे."

इतकी वर्षे मी, खान, वहिनी, सगळी इमारत जे सांगत होती, ते त्या माणसाने त्या दिवशी प्रथमच कबूल केले, आणि तेही कोणत्या कामी! मी मसुदा केला. अशिलाने सांगितलेला कागद मी लिहितो. तो माझा धंदा आहे. परंतु कागदाच्या खाली साक्षीदाराची जागा असते, आणि तेथे कर्णिकांस मीच हवा होतो. सबब मी अल ऐनला गेलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. कर्णिक गाडी चालवीत होते, टाय होता. मागे वहिनी आणि केतकी. डिकीत थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर शारजाच्या बाजारातली सुरमई, कारण अल ऐनला समुद्र नाही आणि सुमनताईंचा जीव माशांत. सुमनताईंसाठी नारायणपेठी साडी. आणि माझ्या फोल्डरमध्ये तो कागद. वाळवंट संपून खजुराच्या बागा लागल्या तरी कर्णिक केतकीला सांगत होते की आपला सरदार आता थकला आहे, कारभार तिने हाती घ्यावा.

"ओके, माय लॉर्ड," केतकी म्हणाली.

सुमनताई ही ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई. भावाला पाहताच म्हणाली, "काय रे दादा, घरात तरी काढ तो टाय. माशाचा काटा अडकेल." यजमान दमामला कामाकरिता गेलेले होते. तिने सुरमई तळली, आम्हांस आग्रह करून वाढली. घाणेकरभाऊ, घाणेकरभाऊ करीत तिने माझीही चौकशी केली. जेवणानंतर कर्णिकांनी साडी दिली. तिने घडी उलगडून पदर खांद्यावर धरला, वहिनींना दाखविला. मग कर्णिकांनी माझ्याकडे पाहिले आणि मी फोल्डर उघडले.

मी वाचून दाखविले. वाचताना माझा आवाज खणखणीत असतो. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता..." तेथवर आलो तो केतकी मध्येच म्हणाली,

"वेट. आत्या इज गिव्हिंग अप हर शेअर? व्हाय?"

"केतू, मोठ्यांच्या मध्ये नाही बोलायचं," वहिनी म्हणाल्या.

"बट बाबा, वी चेंज्ड दॅट लॉ!"

सुमनताईने विचारले, "कुठला गं लॉ?"

केतकीने सांगितले. इंग्रजीत, भराभर, आणि फार अभिमानाने. बाबांनी कसा बर्फाळ गावच्या त्या विद्यार्थी राजाशी झगडा केला, कशी सगळी घराणी गोळा केली. आणि ते वाक्य. ते तिला पाठ होते. सुमनताईने माझ्याकडे वळून म्हटले, "भाऊ, हे मराठीत सांगा बरं मला."

मी सांगितले. "कन्येचे लग्न होते तेव्हा तिचा पत्ता बदलतो, रक्त बदलत नाही."

"कोणी लिहिलं?"

"वाक्य माझे आहे," मी म्हणालो. "खाली नाव कर्णिकसाहेबांचे आहे."

कर्णिक टायपिन सरळ करीत होते. ती सरळच होती.

सुमनताईने साडीची घडी पुन्हा घातली. मग भावाकडे पाहून म्हणाली, "दादा, मला वाडी नको. खरंच नको. मी कुठे येतेय नारळ मोजायला? मी सही करते. पण तू राजाला जे लिहिलंस ना, ते एक वाक्य मला लिहून दे. तुझ्या अक्षरात, खाली तुझी सही. मग हा कागद आण."

"त्याची काय गरज आहे, सुमन?"

"बर्फातल्या पोराला लिहिलंस, मग मला का नको?"

"प्रश्न जमिनीचा..." कर्णिकांनी सुरुवात केली आणि थांबले.

"हो ना रे," सुमनताई म्हणाली. "जमिनीचा नाहीच आहे."

एक ओळ लिहावयाची होती. कागद माझ्यापाशी, पेन माझ्यापाशी, वाक्य तयार. देशोदेशीच्या सरदारांस पानेच्या पाने लिहिणारा हा मनुष्य सख्ख्या बहिणीसमोर एक ओळ लिहू शकला नाही. कर्णिक घड्याळात बघून म्हणाले की परतीच्या वाटेवर दुबईत गर्दी लागेल.

सुमनताईने सहीची जागा कोरी राहिलेला तो मसुदा नीट घडी करून माझ्या हाती दिला. "साडी ठेवते," ती म्हणाली. "ती भावाने दिलीय. हे घेऊन जा."

परतताना शारजा जवळ आल्यावर कर्णिक म्हणाले, "केतू, आज दरबार आहे. सही करून ताब्यात घेऊन टाक तू हरणदळ."

"आय डोन्ट वॉन्ट इट, बाबा," केतकी म्हणाली. "इट्स युवर गेम."

ती पुन्हा त्या स्टुलावर बसली नाही. सरदार यथाकाल मेला. कायदा होता, वारस होती, वारसाने नाव घातले नाही. नियमाप्रमाणे वाट पाहून राजाने वतन ओढून घेतले. हे मला कर्णिकांनी सांगितले नाही. पहाटे कामावर निघताना खानाने त्यांस सहज विचारले, "साब, वतन का क्या हाल?" मी दुकान उघडत होतो. कर्णिक गाडीची किल्ली शोधत थांबले आणि म्हणाले,

"खलास, खान. खलास."

खानाने त्यांचा हात धरला नाही. त्याचा आता विश्वास राहिला नव्हता.

पुढे कारखान्याने जुनी माणसे कमी केली, त्यात कर्णिक आले. जाण्याच्या दिवशी सामान खाली उतरले. दोरीने बांधलेल्या खोक्यात कॉम्प्युटर होता. टॅक्सी उभी. कर्णिक माझ्या टेबलाशी आले आणि ज्या खुर्चीवर बसून त्यांनी राजास अर्ज लिहविले तिच्यावर बसले. टाय होता, टायपिन नव्हती, सामानात गेली असावी. बोटे तिच्या जागी जाऊन परत येत होती.

"घाणेकर, एक पत्र लिहायचंय."

"कोणास?"

"सुमनला."

मी कागद घेतला व मायना लिहिला: "चि. सौ. सुमन हीस अनेक आशीर्वाद."

"पुढे?"

"तुमचं ते वाक्य होतं ना," कर्णिक म्हणाले. "पत्त्याचं. ते मराठीत लिहा."

"लिहितो. पण सुमनताईंनी तुमचे अक्षर मागितले होते."

मी कागद त्यांच्याकडे फिरविला आणि पेन पुढे केले. त्यांनी पेन घेतले. टोक कागदावर टेकले. शाईचा एक ठिपका उमटला.

"बाबा, टॅक्सी इज वेटिंग!" बाहेरून केतकी ओरडली. "यल्ला!"

"नंतर कळवतो," कर्णिक म्हणाले, आणि पेन काळजीपूर्वक टोपण लावून माझ्या टेबलावर ठेवून गेले. काचेतून दिसले ते एवढेच की खानाने खोके उचलून टॅक्सीत ठेवले, आणि आधी वहिनी, मग केतकी, मग कर्णिक, या क्रमाने तिघे बसले.

सबब, उपरोक्त श्री. सदानंद बळवंत कर्णिक यांस या अर्जाद्वारे विनंती करण्यात येते की, मायना आपल्या समक्ष लिहिलेला असून कागद माझ्या ताब्यात सुरक्षित आहे. त्यावरील शाईचा ठिपका आपला आहे. वाक्य मी मराठीत करून ठेवले आहे. ते उतरविण्यास डिप्लोमा लागत नाही. तरी आपण ते लिहिणार किंवा कसे, याचा खुलासा उलट टपाली करावा. कागद कोणत्या ठिकाणी पाठवावा हेही कळवावे, म्हणजे तो सहीकरिता रवाना करता येईल.

सौ. सुमनताई अल ऐनहून हलल्या आहेत, हे आपणांस ठाऊक नसल्यास कळावे. त्यांचा पत्ता बदलला आहे. नवा मजजवळ आहे.

आपला,
यशवंत रामा घाणेकर
अर्जलेखक, शारजा